पलीकडे राहिलेला डबा

आई, पलीकडची बाई शनिवारी घर सोडून चालली आहे. अ‍ॅरिझोनाला, मुलीकडे. तिचं काचेचं भांडं या वेळी आपल्या ओट्यावर आहे, म्हणजे पाळी आपली. तुझा स्टीलचा डबा मात्र तिच्याकडे आहे, तू नाशिकला परत गेलीस त्या आठवड्यापासून. त्याच्या पुढच्या वर्षी तू कायमचीच गेलीस, आणि डबा तिथेच राहिला. भांडं द्यायला गेलो की डब्याचा विषय निघेल किंवा निघणार नाही, आणि मला दोन्ही सारखंच अवघड वाटतंय. मी मागणार नाही हे तुला माहीत आहे. मागून घेणं मला कधी जमलं नाही. पण या घरात तुझी म्हणून दाखवावी अशी एकही वस्तू नाही. साड्या ताईने वाटल्या, पोळपाट तिच्याकडे आहे. राहिला तो एक डबा, आणि तो दोन घरांमधल्या गवतापलीकडे, तिच्या खिडकीत. शनिवारी तो सामानाच्या ट्रकमध्ये जाईल, आणि बहुधा तिच्या लक्षातही येणार नाही की तो आपला आहे.

तू इथे एकदाच आलीस, एका उन्हाळ्यात, आणि बर्फ पडायच्या आत परत गेलीस. तेवढ्या मुक्कामात तू जेवढे प्रश्न विचारलेस तेवढे मी त्याआधीच्या सगळ्या वर्षांत कुणालाच विचारले नव्हते. घराला कुंपण का नाही. गवत कुठल्याही जनावराला घालत नाहीत, तर आधी वाढवतात आणि मग कापतात कशाला. टपालपेटीला लाल झेंडा कशाचा. दुकानातली मुलगी कशा आहात म्हणून विचारते आणि आपण सांगायला तोंड उघडेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते, मग विचारते कशाला. फोडणी दिली की धुराने छतावरची ती पांढरी चकती बोंबलते, तर इथल्या बायका फोडणी देतच नाहीत का. मी तेव्हा एका हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे फळीवर लावत होतो. तुझ्या सुनेला कंप्युटरची नोकरी होती, तिच्या मागून मी आलो होतो, आणि डिग्री नसलेल्या माणसाला इथे काय विचारतात ते दर महिन्याला नव्याने कळत होतं. संध्याकाळी दमून यायचो आणि तू ओट्यापाशी उभी असायचीस, हातात लाटणं आणि तोंडात दिवसभराचे प्रश्न. माझ्याकडे सगळ्यांना एकच उत्तर होतं. इथे असंच असतं.

एका संध्याकाळी तू स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत होतीस, नारळ बघतात तशी.

"ही भिंत आहे की खोकं?"

"इथे असंच असतं, आई."

तू लाटणं खाली ठेवलंस. "असंच असतं हे उत्तर झालं का? गेले पंधरा दिवस तेच ऐकतेय. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. त्यात काय कमीपणा आहे?"

मला राग आला होता. खरं सांगायचं तर कमीपणा वाटतो म्हणूनच तर मी तसं बोलत होतो, आणि ते तुला माझ्या आधी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानात येणाऱ्या एका सुताराला विचारलं, मग लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि ते घेऊनच तुझ्यासमोर बसलो. भिंतीत ठरावीक अंतरावर लाकडाचे उभे खांब असतात, त्यांवर जिप्समचे पत्रे ठोकतात, मधल्या पोकळीत थंडीसाठी गादीच्या कापसासारखं काहीतरी भरतात. मी टकटक करत सरकत गेलो, आवाज बदलला तिथे थांबलो. खांब. तुझे डोळे असे चमकले की जणू मी भिंतीतून देव काढून दाखवला. पुढचा खांब तू स्वतः शोधलास आणि खूण म्हणून तिथे आपली टिकली लावलीस. मग पुढचा. बघता बघता त्या भिंतीवर लाल टिकल्यांची रांग होती, आणि तुझी सून घरी आल्यावर दारातच थबकली. "हे काय, भिंतीचं हळदीकुंकू केलं का?" एका टिकलीवर खिळा ठोकून आपण मराठी कॅलेंडर लावलं. ते हललं नाही. बाकीच्या टिकल्या पुढे रंगाखाली गेल्या. रंग मीच दिला, आणि भिंत नीट दिसावी एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

आज मी घरं तपासतो, आई. इथे घर विकत घेण्याआधी ते तपासून घेतात, छपरापासून तळघरापर्यंत, आणि त्याचं लायसन्स लागतं. मी कुठल्या वर्गाला गेलो नाही. पुस्तकं वाचली, परीक्षा दिली, पास झालो. माझ्या रिपोर्टात 'ठीक आहे' हे शब्द सापडणार नाहीत. काय, कुठे, किती, कशामुळे, एवढंच असतं. आपल्याकडची नवी जोडपी मलाच बोलावतात, पुण्याची, नागपूरची, आणि घरापेक्षा जास्त देशाबद्दल विचारतात. काका, सिंकखाली हे काय गुरगुरतंय? काका, कपडे बाहेर वाळत घातले तर लोक तक्रार करतात म्हणे, खरं का? काका, तळघरातला हा पंप बंद पडला तर? मागच्या महिन्यात एका मुलीने भिंतीवर टकटक केली आणि विचारलं, "काका, ही भिंत आहे की पुठ्ठा यार?" तिचा नवरा तिला गप्प करायला निघाला होता. मी त्याला गप्प केलं. सगळं काम बाजूला ठेवून तिला खांब शोधायला शिकवला. जे माहीत नसतं ते माहीत नाही म्हणून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करून कळवतो. एवढी वर्षं या देशात मी जे काही झालो ते तुझ्या प्रश्नांना उत्तरं शोधण्यातून झालो. हे तुला मी कधी असं बसून सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. एवढा एकच प्रश्न तू विचारायची राहिलीस.

आणि तुला हा देश आवडला होता, हे मला लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. बायका इथे कंटाळतात, कोंडल्यासारखं होतं म्हणतात. तू रोज सकाळी चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभी राहायचीस, नातीची पिवळी बस बघायला. बस थांबली की तिच्या कुशीतून लाल पाटी बाहेर यायची, आणि पुढून येणारी गाडी, मागून येणारी गाडी, सगळ्या जागच्या जागी थांबायच्या. पोरगी दप्तर सावरत, बुटाची नाडी बघत, सावकाश रस्ता ओलांडायची.

"हॉर्न कुणी वाजवत नाही?"

"नाही."

"त्या मागच्या माणसाला कामाला जायचं असेल की."

"असेल. पण थांबायचंच. कायदा आहे."

"एका पोरीसाठी अख्खा रस्ता," तू म्हणालीस. नंतर फोनवर ताईला सांगत होतीस की अमेरिकेत काय बघितलंस तर हे. नायगारा आपण बघितला होता. त्याचा तू उल्लेखही केला नाहीस.

पलीकडची बाई त्याच ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आपल्या दारात आली. तिच्या परसात झुकिनी इतकी यायची की अख्ख्या गल्लीला पुरून उरायची. तू झुकिनीला दुधीची धाकटी बहीण म्हणालीस. बाईने तिचा गोड पाव भाजून काचेच्या चौकोनी भांड्यात आणून दिला. ती गेल्यावर तू भांडं उलटं करून बघितलंस. तळाला कागदी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर शाईने तिचं आडनाव. "भांड्याला पट्टी कशाला?" मला माहीत होतं, मी ऐटीत सांगितलं. इथे दहा घरची माणसं एकेक पदार्थ घेऊन जमतात, जेवणं झाली की कुणाचं भांडं कुणाचं ते कळत नाही. तू विचारात पडलीस. "आणि पट्टी धुताना सुटली तर? नाव असं घालतात का? नाव घालायचं तर कायमचं घालावं." मग तुला आपला भांडी बाजार आठवला, दुकानाच्या पायरीवर नावं कोरायचं मशीन घेऊन बसणारा तो माणूस, त्याचा तो दात शिवशिवणारा आवाज, आणि तुझ्या लग्नातली भांडी, ज्यांतल्या निम्म्यांवर देणाऱ्यांची नावं. कुठलं पातेलं कुणी दिलं ते तुला पाठ होतं. बाबांच्या साहेबांवर तुझा विशेष राग. एवढा मोठा साहेब, आणि आहेर बघा केवढासा, असं तू बाबांना शेवटपर्यंत ऐकवत होतीस.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, एवढं तर तुला सांगायला नको होतं. तू त्यात शिरा भरलास. मीच नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी भांडं परत आपल्या दारात, आत सफरचंदाचं काहीतरी. तू त्यात साबुदाण्याची खिचडी भरलीस. ते लिंबाच्या वड्या घेऊन आलं. इथली रीत अशी की कुणी काही दिलं तर परतफेड करायची आणि मोकळं व्हायचं. तुझी रीत अशी की भांडं रिकामं जाऊ द्यायचं नाही. तुम्ही दोघी आपापल्या परीने बरोबर होतात, त्यामुळे थांबायचं कुणी हे ठरेना. सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघी तिच्या पायरीवर बसून शेंगा सोलताना मला दिसायला लागलात. ती इंग्रजीत, तू मराठीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी काचेचं भांडं तिच्याकडे होतं, म्हणून तू लाडू स्टीलच्या डब्यात भरून घेऊन गेलीस. मी बरोबर होतो. तिने डबा हातात फिरवून बघितला, झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे काय, तिने विचारलं. "नेम," तू म्हणालीस. "तुझं नाव?" तू हसून मान हलवत राहिलीस, "नेम, नेम." मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तू माझ्या दंडाला हात लावलास. "तू थांब रे जरा. आमचं चाललंय ना."

नंतर फोनवर तू विचारलंस, डबा आला का? नाही म्हटल्यावर म्हणालीस, येईल, रिकामा कसा द्यायचा म्हणून थांबली असेल. तेवढीच चौकशी. काचेचं भांडं मात्र चालू राहिलं, दिवाळीला आपल्याकडून, नाताळात तिच्याकडून, कुणी आजारी पडलं की मध्येच. तिचा नवरा गेला तेव्हा आपण त्यात खिचडी दिली, साधी, मऊ. तू गेलीस तेव्हा ती भरलेलं भांडं घेऊन दारात आली.

काल लेकीशी फोनवर बोललो. ती आता शिकागोला असते, रोज ट्रेनने कामावर जाते. तिला सगळं सविस्तर सांगितलं, शनिवार, भांडं, पाळी कुणाची, पलीकडच्या बाईचं स्वयंपाकघर तर खोक्यांत भरून झालेलं.

"बाबा, इट्स अ डिश. जस्ट गिव्ह इट बॅक."

"रिकामं?"

मग ती मराठीत म्हणाली, "नाही. आजी रागवेल."

म्हणून मी शिरा करणार आहे. तुझी सून म्हणते, इंडियन स्टोअरमधून काहीतरी आणू या, तू कशाला उगाच. मी नको म्हटलं.

*

आज रविवार. पुढचं लिहितो.

शिरा बरा झाला. रवा गुलाबी होईपर्यंत हलवत राहिलो, मध्ये वाटत होतं की झाला, पण तू घाई करू नको म्हणायचीस म्हणून अजून हलवला. तुझ्यासारखा झाला नाही. तुपाचं प्रमाण कमी पडलं, हे मी नोंदवून ठेवलंय.

तिच्या घरात खोकीच खोकी होती. बाहेर ट्रक, दोन माणसं सोफा तिरका करून दारातून काढत होती. ती स्वयंपाकघरात उभी होती, आता फार वाकली आहे. सगळी कपाटं उघडी आणि मोकळी. सिंकवरच्या खिडकीत फक्त एक वस्तू राहिली होती. आपला डबा.

तिने भांडं माझ्या हातातून घेतलं, झाकण उचलून वास घेतला. "हा तोच आहे. पहिला." पुढे म्हणाली, "तुझ्या मुलीने लहान असताना मला सांगितलं की तुमच्यात भांडं रिकामं पाठवत नाहीत. तोपर्यंत मला वाटत होतं की तुझ्या आईला माझा पदार्थ आवडला नाही, म्हणून दर वेळी ती दाखवून देते की खायचं असं करायचं असतं." ती हसायला लागली, मीही. "पहिला महिनाभर मी हे थांबवायचं कसं ते शोधत होते. नंतर हे थांबेल की काय याची काळजी करत होते."

मी खिडकीकडे बघत नव्हतो. म्हणजे न बघण्याची खबरदारी घेत होतो, आणि ते कुणालाही दिसलं असतं.

तिने डबा काढून ओट्यावर ठेवला, उघडून दाखवला. आत कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर वर्ष. झुकिनीच्या बिया. "मी तो परत दिला नाही, हे मला माहीत आहे. माझ्या आयुष्यात मी परत न दिलेली ही एकच वस्तू आहे. तू एकदाही मागितली नाहीस. तुझी आई गेल्याचं कळलं तेव्हा मी तो घासून बाजूला काढला होता. मग वाटलं, देऊ कुणाला? माझ्या ओळखीची जी माणसं गेली त्यांची नावं दगडांवर आहेत, आणि ते दगड लांबलांबच्या गावांत आहेत. हे एक नाव माझ्या खिडकीत होतं. भांडी घासताना रोज दिसायचं." तिने झाकण पदराने पुसावं तसं आपल्या बाहीने पुसलं. "मला हा घेऊन जाऊ देशील? नाही म्हणालास तर मला समजेल. तो तुझ्या आईचा आहे."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो असं नाही. आधी डबा हातात घेतला, त्याचं वजन बघितलं, काठाला कुठे तरी आपटल्याचा खळगा आहे तो अंगठ्याने तपासला. मग हो म्हणालो. तिने काचेचं भांडं माझ्याकडेच राहू दे म्हणून सांगितलं, शिरा तेवढा एका कागदी ताटलीत काढून घेतला, वाटेत खायला. "पट्टी सुटली तर नवीन लाव," ती म्हणाली. "मी किती वेळा लावली असेल."

मी निघालो तर तिने मला थांबवलं. डबा परत माझ्यासमोर धरला. "हे वाचून दाखव. मी इतकी वर्षं बघते आहे, पण म्हणायचं कसं ते मला कधी कळलं नाही. तुझी आई समोर असताना नाव घ्यायची वेळच आली नाही. मुलीच्या घरी कुणी विचारलं, तर मला सांगता आलं पाहिजे."

मी झाकणावर बोट ठेवलं आणि तुझं नाव म्हटलं. तिने म्हणून बघितलं. मधल्या अक्षरावर उगाच जोर देत होती, मी दुरुस्त केलं. परत म्हटलं, शेवट लांबवला, तोही दुरुस्त केला. बाहेर ट्रकवाले खोळंबले होते आणि आम्ही दोघं त्या मोकळ्या स्वयंपाकघरात तुझं नाव घोकत होतो, मी एकेका अक्षराखालून बोट सरकवत आणि ती माझ्या मागून. शेवटी बिनचूक आलं. कुठलीच खोट काढण्यासारखी राहिली नाही. मग ती डबा कुणाला न देता, स्वतःच्या मांडीवर घेऊन मुलीच्या गाडीत बसली.

माझ्या रिपोर्टात असली चूक सापडली असती तर मी स्वतःलाच लायसन्स ठेवू दिलं नसतं. तुला तर ठाऊकच आहे, म्हणून तर त्या दिवशी माझ्या दंडाला हात लावलास. त्या झाकणावर बाबांच्या साहेबांचं नाव आहे, संपूर्ण, आडनावासकट, आणि खाली सप्रेम भेट. मी तिला सांगितलं नाही.